काकणाचा दिवस

पावाला विचारून स्वतःची प्रकृती ठरवणारं माणूस साऱ्या डिचोली तालुक्यात एकच असावं, आणि ते म्हणजे माझी मुळगावची मावशी. संधिवाताने तिच्या बोटांचे सांधे सुजत, सकाळी मूठ वळत नसे. म्हापशाचे तिचे डॉक्टर मूळचे बेळगावकडचे. त्यांनी सांगितलं होतं, "पुढच्या खेपेपर्यंत रोज लक्ष ठेवा. सकाळी हात किती वेळ आखडतात, सूज कुठे येते, थकवा किती. त्यावरून औषध ठरवू. नाहीतर बोटं वाकडी होऊन तशीच राहतील." देवीसाठी अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, मावशी स्वतः गुंफायची. वाकड्या बोटांचं ऐकून ती घरी येईपर्यंत बोटं वळवून बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिची पद्धत सुरू झाली. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की ती दारात. नुसती कोंड्याची मऊ पोई फाडता आली तर दिवस वाईट. कडक सालीचा उंडो मोडला तर मध्यम. आणि काकण, म्हणजे बांगडीच्या आकाराचा तो कडकडीत पाव, कट्‌कन मोडला तर सणच. घड्याळाकडे ती बघत नसे. "आज खाणीच्या पयल्या ट्रकापर्यंतच हात धरले," असं सांगायची, किंवा "बस गेली तरी बोटां उठूंक नाय." थकवा मोजायला तिचे यजमान, आमचे काका, होतेच. ज्या दिवशी ती न भांडता चहा देई, त्या दिवशी काका घाबरून तिचं कपाळ चाचपत. गोवा घटक राज्य झालं तेच ते वर्ष. बाहेर राजभाषेवरून वाद चालले होते. मावशीने आपल्या दुखण्यापुरती वेगळीच भाषा करून टाकली होती.

घरात ती सगळ्यांना कळे. पंचाईत डॉक्टरांसमोर व्हायची. मोठ्या माणसाने "कशा आहात?" विचारलं की "बरें आसा" म्हणायचं, ही तिची रीत, त्यामुळे औषध होतं तेच राहायचं. म्हणून एका खेपेला तिच्याबरोबर काका आणि मलाही धाडलं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला डॉक्टरांशी बोलता येतं असा सगळ्यांचा समज होता. माझा नव्हता. बसमध्ये मी धीर करून म्हटलं, "मावशे, आज 'बरें आसा' म्हणू नको हं."

"सांगतां गो बाय, सगळें खरें सांगतां."

आणि दवाखान्यात तिने सांगितलं. मान खाली घालून म्हणाली, "म्हयन्याच्या सुरवातीक काकण मोडलां, डॉक्टर. त्याच्यामागसून सुख म्हणून नाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अरेरे. फार वाईट झालं. काय झालं होतं त्यांना?"

"कोणाक?"

"यजमानांना."

तेवढ्यात बाहेरच्या बाकावर बसलेले काका दारातून डोकावले. "आटप गो, बस चुकतली!"

"हे कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेच... यजमान," मी कशीबशी म्हणाले. काकांनी अदबीने नमस्कार केला.

मावशीला आधी कळलं नाही. मग कळलं, तशी ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसतहसतच तिने पिशवीतून एक काकण काढलं. "हें काकण, डॉक्टर! पदेराचें!" आणि ते मोडून दाखवायला गेली. मोडलं नाही. दोन्ही तळव्यांत धरून दाबलं, तरी नाही. तिचं हसू हळूहळू थांबलं. डॉक्टर आता काकणाकडे नाही, तिच्या बोटांकडे बघत होते. त्यांनी एकेक सांधा हलक्या हाताने दाबून पाहिला, आणि औषध बदललं. म्हणाले, "गुण यायला काही आठवडे लागतील. तोवर काकणाचं कळवत राहा."

गुण आला. सगळा नाही, पण देवीला फाती पुन्हा जाऊ लागल्या, जरा सैल गुंफलेल्या.

आता मी म्हापशाला खोली घेऊन राहते. पदेर इथेही येतो. मी काकण घेते. ते सहज मोडतं, आणि त्यात काहीच बातमी नसते. बातमी शनिवारी मुळगावला कळते. मावशी काकण मोडून अर्धं माझ्या बशीत ठेवते. कधीकधी बशीत नुसती पोई असते. मग ती मी फाडते, आणि अर्धी तिला देते.