कौसल्याबाईंच्या छपरावरचं प्रभूचं कोहळं

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी कोहळ्याचे दोन वेल होते. एक आमचा आणि एक परमेश्वराचा. कोणता कोणाचा हे मी ठरवलं होतं, आणि तिथंच सगळा घोळ झाला. (कोहळं म्हणजे पुण्यामुंबईकडचा तांबडा भोपळा. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात त्याला कोहळंच म्हणतात.)

आम्ही गडचांदूरचे. आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी, पण गडचिरोलीच्या जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे पाच-पंचवीस घरांच्या पाड्यावर, आमचे प्रचारक यशवंतभाऊ राहतात. तिथल्या पोरांना शिकवतात, रविवारी प्रार्थना घेतात, आणि हे सगळं एका फाटक्या ताडपत्रीखाली. जूनमधल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत त्यांची चिठ्ठी वाचली. पाऊस आला की पोरं पाट्या डोक्यावर धरून बसतात, असं त्यात होतं.

"घरटी एक वेल नाहीतर एक कोंबडी प्रभूच्या नावानं वाढवा," पाळकसाहेब म्हणाले. "दिवाळीनंतर प्रथमफळाच्या सणाला लिलाव करू आणि टोल्यावर टिनाचे पत्रे नेऊ. कोण कोण तयार आहे?"

सगळ्यात आधी माझा हात वर! (हात वर करायला ना खत लागतं ना पाणी.) माझे डोळेसुद्धा भरून आले होते. घरी पोचेपर्यंत ते वाळले.

"न्हाणीजवळची जागा प्रभूला देऊ," शालिनी, म्हणजे आमची सौ., म्हणाली. "तिथली माती चांगली आहे."

"मग आपण काय खायचं?"

"आपला वेल मागच्या भिंतीजवळ लावू."

मागची भिंत म्हणजे चुनखडीचे तुकडे आणि वर सिमेंटची धूळ. तिथं गवतसुद्धा दहादा विचार करून उगवायचं!

"हे बघ शालिनी," मी आवाज शक्य तितका पवित्र केला, "सगळी पृथ्वी परमेश्वराची. तो दगडातूनही उगवून दाखवेल. आपल्याला ते जमणार आहे का?"

एवढा गाढ विश्वास तिनं माझ्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला असावा. मी स्वतः रंग आणून ‘प्रभूचा वेल’ अशी पाटी लिहिली आणि मागच्या भिंतीजवळ रोवली.

भिंतीपलीकडे कौसल्याबाई राहतात. नवरा तलावात जाळं टाकतो, त्या मासे धुऊन बाजारात विकतात. धुतलेलं पाणी पूर्वी आमच्या न्हाणीकडच्या नालीत पडायचं. आता तिथं माझा लाडका वेल!

"बाई, लय वास येते," मी म्हटलं. "तिकडं मागच्या भिंतीकडं फेकत जा ना."

"फेकतो ना भाऊ. तिकडं तुमच्या देवाचा वेल आहे, त्यालेच टाकतो."

आणि त्या रोज, न चुकता, बादलीभर टाकत राहिल्या.

ऑगस्टपर्यंत आमच्या वेलाला छत्रीएवढी पानं आली. फुलंही आली. फळ मात्र एक नाही! देवाचा वेल भिंत ओलांडून कौसल्याबाईंच्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपरावर चढला आणि तिथं कोहळ्यांची रांग लागली. ती घरंगळू नयेत म्हणून कौसल्याबाईंनी नवऱ्याचं जुनं जाळं छपरावर ताणून बांधलं.

माझ्याच्यानं राहवेना. एका सकाळी मी पाटी उपटली आणि गुपचूप न्हाणीकडं निघालो.

"भाऊ, पाटी कुठी घेऊन चालले?" भिंतीवरून आवाज आला.

"धुवायला!"

आणि मी ती खरोखर धुतली, पुसली आणि जागेवर नेऊन लावली.

एवढ्यावर थांबलो असतो तर अब्रू शाबूत राहिली असती. पण मी चंद्रपूरच्या साडूंना फोनवर सांगून बसलो होतो, "या रविवारी जेवायला, घरच्या वेलाचं कोहळं खाऊ घालतो!" शालिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "ते प्रभूचं आहे. साडूंना बेसन करू." (बेसन म्हणजे आमच्याकडचं पिठलं.) आणि ती बाजारात गेली. कौसल्याबाईही मासे घेऊन गेलेल्या. मी शिडी लावली.

एकच घ्यायचं होतं, तेही लहानातलं. पण हात मोठ्याकडंच गेला! देठ तुटला तसा माझा तोल गेला, पाय जाळ्यात अडकला, खालचे कवेलू कडाकड फुटले आणि मी घसरत येऊन छपराच्या कडेला लटकलो: डोकं खाली, पाय जाळ्यात, आणि छातीशी प्रभूचं कोहळं.

नेमके तेव्हाच पाळकसाहेब घरोघरचे वेल पाहत आमच्या फाटकातून आत आले.

"भाऊ," त्यांनी मान तिरपी करून विचारलं, "हे काय?"

"वेलाची देखभाल, साहेब!"

तेवढ्यात कौसल्याबाई परतल्या. त्यांनी एकदा छपराकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"अगा बापा! एवढा मोठा मासा आमच्या जाळ्यात कधी सापडला नाई!"

दोघांनी मिळून मला खाली उतरवलं. मी मान खाली घालून म्हटलं, "बाई, उद्याच नवे कवेलू आणतो."

"राहू द्या, भाऊ. मी प्लास्टिक टाकून घेतो. आधी त्या टोल्यावरल्या पोराईचं छप्पर होऊ द्या, वहिनीनं सांगितलं मले. ते पावसात बसून राह्यले."

मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. ना त्या आमच्या मंडळीच्या, ना ती पोरं त्यांच्या नात्यातली. छप्पर मी फोडलं होतं त्यांचं, आणि त्यांना काळजी टोल्याची! दुसऱ्या दिवशी मी कवेलू आणलेच. त्यांनी मलाच वर चढवलं आणि खालून बोट दाखवत एकेक बसवून घेतला.

प्रथमफळाच्या सणाला कौसल्याबाई बादलीत जिवंत मरळ घेऊन चर्चच्या दारात उभ्या. आमच्याकडं लिलावात घेतलेली वस्तू पुन्हा लिलावाला परत द्यायची पद्धत आहे. ती मरळ तीनदा विकली गेली आणि टाळ्या थांबेनात. मी तोडलेलं कोहळं अर्थातच मला घ्यावं लागलं. परत द्यायचं मी विसरणार होतो, पण शालिनी शेजारीच बसली होती.

जानेवारीत पाळकसाहेब घरी आले. "पत्रे आले. टोल्यावर जाऊन ठोकायला कोणी पाहिजे. मागे तुम्ही घरातली सगळ्यात निकामी जागा प्रभूला दिली, तर केवढी बरकत झाली! तसंच आणखी काही निकामी असेल तर बघा."

शालिनीनं लगेच माझ्याकडं बोट दाखवलं.

मी गेलो. यशवंतभाऊ आणि मी मिळून पत्रे ठोकले. यंदाच्या पावसात पोरं कोरडी बसून शिकताहेत, असं त्यांनी परवा फोनवर सांगितलं. फक्त ओसरीवरचा एक पत्रा गळतो, तो मी ठोकलेला. त्याच्याखाली पोरांनी कोहळ्याचं बी लावलंय, आणि वेल जोरात आहे म्हणे!