लेंडीच्या विटांचं घर

मुळा आणि मुठा या दोन नद्यांच्या मधे जो डोंगर आहे, त्याच्या पठारावर तेव्हा पाच-सात झोपड्यांचा एक धनगरवाडा होता. त्यातल्या टोकाच्या झोपडीत बयाबाई राहायची. अंगानं काटकुळी, बोलण्यात फटकळ, पण हातात कोकरू घेतलं की तिचा आवाज एकदम खाली यायचा. तिला कुणी काही नवं सांगितलं, तर ती लगेच हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. चार-आठ दिवस ती गोष्ट मनात घोळवत राहायची, आणि नंतर कुणी काहीही म्हणो, ती करून मोकळी व्हायची. नवरा धुळाजी म्हणायचा, "हिच्या डोक्यात काय शिरलं की दगुड शिरल्यावानी. भाईर काडाया पाथरवट लागंल."

वाड्यातली घरं म्हणजे कारवीच्या काटक्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा हात आणि वर गवत. उन्हाळ्यात हे घर झकास. पावसाळ्यात मात्र पश्चिमेचा वारा सुटला की लिंपण गळून पडायचं, आणि काटक्या-काटक्यांमधून वारा घरात हिंडायचा. पिढ्यान्‌पिढ्या सगळे असेच राहिले. बयाबाईही राहिली असती. पण दोन पावसाळ्यांमागं तिच्या सुनेची, चिमाबाईची, पहिली मुलगी अशाच वाऱ्यात गेली. महिन्याचीसुद्धा झाली नव्हती. बयाबाईनं तिला पोटाशी धरून वर घोंगडी घेतली होती, चूल विझू दिली नव्हती. पोर गेल्याचंही तिनं उजाडेपर्यंत धुळाजीला कळू दिलं नव्हतं. "घोंगडीच्या आत मी व्हते, पोर व्हती, आन वारंबी व्हतं," एवढंच ती पुढं कधी बोलली तर बोलायची.

आता चिमाबाईला पुन्हा दिवस गेले होते. श्रावणात मोकळी व्हायची होती. ते कळलं त्या दिवशीच बयाबाईनं ठरवलं, की हे बाळ कुडाच्या घरात जन्माला यायचं नाही. त्याला चार भिंती हव्यात.

धुळाजी हसला. "धनगराला भित कशापायी? मेंढराला कवा भित बघितली हायेस का?"

"मेंढराच्या अंगावर लोकर हाय. माझ्या नातवंडाच्या अंगावर काय हाय?"

यावर धुळाजी उठून शेळ्यांकडं गेला. अडचणीच्या वेळी तो शेळ्यांकडंच जायचा.

भिंती तर हव्यात, पण कशाच्या? दगड पठारावर उदंड होता. पण खालच्या कुणब्यांच्या घरातली दगडी भिंत बयाबाईनं आषाढात हात लावून पाहिली होती. हात ओला व्हायचा. नुसत्या मातीची भिंत त्या पावसात टिकायची नाही. राहिली वीट. विटेची माती खाली मुळेकाठी, भट्टीही खाली, आणि सगळं डोक्यावरून डोंगर चढवून आणायचं. पक्की वीट चढवायची म्हटलं तर बयाबाईची मानच मोडली असती.

त्याच वर्षांत मुळेच्या खोऱ्यात धरणाचं काम चाललं होतं. खालची गावं पाण्यात जाणार होती. लोक घराचे वासे उतरवून, दारं खांद्यावर घेऊन वर सरकत होते. धुळाजीची मेंढरं आणि शेळ्या दरसाल सुगी झाल्यावर त्या शेतांत बसायच्या. शेतात लेंडीखत पडायचं आणि त्याबद्दल कुणबी धान्य द्यायचे. त्या वर्षी धुळाजी विचारायला गेला, तर ओळखीचा कुणबी म्हणाला, "आरं, औंदा खत घालून काय माश्यांना जेवाण घालू?" लेंडीचा वाड्यात ढीग लागला, आणि त्याला घेणारं कुणी उरलं नाही.

खालच्या गावात भिकू कुंभार होता. वर सरकणाऱ्या लोकांना विटा लागत होत्या, म्हणून तो गाव सोडायचा थांबला होता. काही विटांच्या मातीत तो भाताचं तूस कालवायचा. भट्टीत तूस जळून जायचं, विटेत बारीक बारीक पोकळ्या राहायच्या, आणि वीट हलकी व्हायची. बयाबाईनं तसली एक वीट उचलली आणि तिला हसूच फुटलं.

"असल्या दे मला. घरापुरत्या."

"तूस कुटं हाय आता? औंदा भात लावलं कुनी?"

बयाबाईनं हातातली वीट उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "लेंडी चालंल का रं?"

भिकूनं चिखलातले पाय थांबवले. "आजवर कुनी इचारलं न्हाई बग. कोरडी करून कुटून आन. बघू या जाळून."

विटांच्या बदल्यात एक दुभती शेळी द्यायची ठरली. भिकूनं आधी थोड्या विटा भाजून पाहिल्या. त्या फिकट तांबड्या निघाल्या, मोडून पाहिल्या तर आत जाळीदार भाकरीसारख्या. भिकूनं एक वीट तिच्या हातात दिली आणि बजावलं, "ही हलकी हाय, तुझ्या डोईला सोसंल. कोयत्यानं कापता यील. आत पोकळ हाय म्हंजी ऊब धरंल, घोंगडीवानी. पन दुसरी बाजूबी ऐक. छपराचं वझं हिच्यावर टाकू नगंस. लाकडाच्या मेढी उभ्या कर आन त्यास्नी पेलू दे. खुटी ठोकलीस तर खुटीसंगं भितीचा तुकडाबी हातात यील. आन पानी लागू देऊ नगंस. तान्हेल्या गुरावानी पानी पिती ही."

"मग चांगलं काय हाय हिच्यात?"

"चांगलं पयलं सांगितलं की! मी कुंभार हाय बये, वानी न्हाई, निस्तं चांगलं सांगाया."

फाल्गुनापासून विटा वर यायला लागल्या. बयाबाई आणि तिचा मुलगा सिद्धू पाट्या भरून आणायचे. भिकूनं आपली गाढवंही दोन-तीन खेपा दिली. तो सांगायचा, की पाठीवर खरंच काही आहे का नाही हे बघायला गाढवं वाटेत मान वळवायची. पहिली खेप आली तेव्हा धुळाजीनं एक वीट उचलली. बाजारात कोकरू पारखताना पोटाखाली हात घालून तोलतात, तशी तोलली, आणि खाली ठेवली.

"हिच्या पोटात काय न्हाई. असलं कोकरू मी फुकट घेनार न्हाई."

"तुमी नगा घिऊ. तुमी त्या झोपडीत ऱ्हावा," बयाबाई म्हणाली.

आणि धुळाजी खरोखरच त्या झोपडीत राहिला. शेळ्यांच्या जवळ माणूस पाहिजे, असं तो म्हणायचा.

भिकूनं सांगितलेलं बयाबाईनं सगळं पाळलं. मेढी रोवल्या, छपराचं ओझं त्यांच्यावर टाकलं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून गवत पुढं काढलं. राहिली सांध्यांत भरायची आणि वरून लिंपायची माती. इथं तिनं धनगराच्या बाईनं केलं असतं तेच केलं. शेळ्या-मेंढरं जिथं बसतात त्या वाड्यातली जुनी माती उकरून आणली. काळी, मऊ, चिकट माती. जिच्यासाठी कुणबी धान्य द्यायचे, तिच्याहून चांगली माती जगात असेल, असं तिच्या मनातही आलं नाही. ती माती तिनं पायांनी तुडवली आणि भिंतींना आतून-बाहेरून मायेनं हात फिरवत लावली.

ज्येष्ठात चिमाबाई नव्या घरात आली. पहिल्याच वादळी रात्री तिनं सासूला हाक मारली. "आत्या, दिवा बगा की!" कोनाड्यातल्या दिव्याची वात सरळ उभी होती, जराही हलत नव्हती. दोघी बराच वेळ त्या वातीकडं पाहत बसल्या. सिद्धूनं मात्र न विचारता पखाल टांगायला खुंटी ठोकली, आणि खुंटी, पखाल, विटेचा तुकडा, सगळंच त्याच्या पायावर आलं. बयाबाई म्हणाली, "भिकूचं ऐकाया तुला कान न्हवतं, आता पाय तरी हाय."

आषाढ लागला आणि बाहेरच्या भिंतीवर मिठासारखी पांढरी लव फुटली. बयाबाईला वाटलं, भिंत वाळतेय. दोन दिवसांनी घरात बसल्या बसल्या तिला खरखर ऐकू यायला लागली. कुणी भिंतीवरून खडबडीत फडकं फिरवावं तशी. बाहेर येऊन बघते तो शेळ्या भिंतीला ओळीनं उभ्या, वासरं गाईला लागावीत तशा, आणि जिभांनी भिंत चाटताहेत. डोळे मिटून, सुखानं. हाकललं तर चार पावलं जायच्या आणि पुन्हा यायच्या. एकीनं तर चाटता चाटता लिंपणाचा पोपडा काढून चघळायला घेतला होता.

बयाबाईनं भिंतीला स्वतःची जीभ लावली. खारट. पिढ्यान्‌पिढ्यांचं शेळ्यामेंढरांचं मूत त्या वाड्यातल्या मातीत मुरलेलं होतं, आणि तीच माती तिनं घराला फासली होती.

शेजारच्या झोपडीतली तिची जाऊ भागूबाई पोट धरून हसली. "बया गं, दुनिया शेळ्यास्नी खडामीठ घालती. तू आख्खं घरच घातलंस की!"

बयाबाईही हसली, पण तिचे डोळे भिंतीवर होते. शेळ्यांच्या वाड्याच्या बाजूचं लिंपण जवळजवळ गेलं होतं. उघड्या विटा पाऊस पीत होत्या, आणि आतून, नेमकी जिथं चिमाबाईची बाज होती तिथं, ओलीचा डाग वर चढत होता. नवं लिंपण लावावं तर त्या पावसात ते वाळणार कसं? शेळ्या बांधून ठेवाव्यात तर त्या खाणार काय? बाहेरून कारवीचा कूड बांधला असता तर शेळ्या आणि पाऊस दोन्ही अडले असते. पण कारवी तोडायची ती उन्हाळ्यात, वाळवून ठेवायची. आता रानातली कारवी हिरवी आणि लेचीपेची होती. श्रावणाला थोडेच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी बयाबाई भिंतीशी बसून राहिली, आणि कुणाला काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणून घरातली माणसं घाबरली.

सकाळी ती उठली तर धुळाजी पावसात उभा राहून आपल्या झोपडीच्या कुडाचे बंद सोडत होता.

"आवं, ह्ये काय करताय?"

"दिसत न्हाई? कूड काडतोय. वाळल्याली कारवी हाय, धुरानं काळी झालीया. शेळी तोंड लावायची न्हाई हिला."

"आन तुमी कुटं निजनार?"

धुळाजीनं एक गाठ सोडवली. दुसरीला हात घातला. "बघतीस काय? धर की टोक."

दोघांनी आणि सिद्धूनं मिळून तो कूड नव्या घराच्या शेळ्यांच्या वाड्याकडच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून उभा केला, मधे विटेएवढी फट ठेवून. शेळ्यांनी येऊन हुंगलं, शिंकल्या, आणि निघून गेल्या. धुळाजीचं अंथरूण नव्या घराच्या पडवीत आलं. चार-सहा दिवसांत बाजेजवळचा डाग फिका पडायला लागला.

पुढं बरीच वर्षं इतर वाड्यांवरची माणसं बयाबाईकडं ह्या विटांची चौकशी करायला यायची. ती भिकूनं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगायची, चांगलं आणि वाईट दोन्ही, आणि वर आपल्या पदरचं घालायची, "आन माती लांबून आना बाबांनू. शेळी बसल्याली माती शेताला लावा, घराला नगं."

पण त्या श्रावणात तिला ह्यातलं काही सुचत नव्हतं. एका सकाळी चिमाबाईला कळा सुरू झाल्या. भागूबाई सुईणपण करायची, ती आली. पुरुषांना बाहेर काढलं. सिद्धू शेळ्या घेऊन गेला. धुळाजी घोंगडीची खोळ घेऊन पावसातच कुठंतरी बसला. बयाबाईनं दार लावून घेतलं, फटीत चिंध्या कोंबल्या.

दुपार कलली तेव्हा बाळ झालं. मुलगी. भागूबाईनं पाठीवर थोपटलं मात्र, तिनं असा टाहो फोडला की भागूबाईनं तोंड फिरवलं. "आगं आई गं! ही शेळ्या राकनार. ह्या डोंगरावरनं त्या डोंगरावर हाक दील." बाळ रडलं, लाल झालं, पुन्हा रडलं. बयाबाईनं तिला न्हाऊ घातलं, मऊ लुगड्यात गुंडाळलं, आईजवळ दिलं. कोनाड्यातली वात सरळ होती. बाळ दूध पिऊन झोपलं. मग बयाबाई पाण्याचं घंगाळं उचलून टाकायला म्हणून बाहेर आली.

धुळाजी भिंतीशी उभा होता. खोळ मागं पडली होती, डोक्यावरून पाणी निथळत होतं, आणि कान त्यानं कुडाला लावला होता.

"आवं, हितं काय करताय?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. "आवाज न्हाई आला."

"कसला?"

"दुपारधरनं उभा हाय. आवाज न्हाई आला. काय झालं आसंल त्ये सांग. मागच्या बारीवानी लपवू नगंस."

बयाबाईच्या हातातलं घंगाळं तसंच राहिलं. धनगरवाड्यात कुणाचंही मूल जन्मलं की सगळ्या वाड्याला कळायचं; कुडाला कुठं लपवता येतं? सिद्धू झाला तेव्हा त्याचं रडणं झऱ्यापर्यंत गेलं होतं. ही भिंत वारा अडवते तसा आवाजही अडवते, हे भिकूनं सांगितलं नव्हतं, आणि तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. आत ते लेकरू घसा फोडून रडत असताना बाहेर हा माणूस ते मेलं असं समजून भिजत उभा होता.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "कवाच झाली. वरडून वरडून निजली."

"मला न्हाई ऐकू आलं."

"भित हाय ती."

धुळाजीनं तोंडावरून हात फिरवला. कुडाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. "म्हंजी वारंबी आत..."

"न्हाई. वारंबी न्हाई."

त्यानं ओल्या कुडावर हात ठेवला. मग एकदम भांडायला उठल्यासारखा म्हणाला, "तू सांगतीस, पन मी ऐकलं न्हाई. उठीव तिला. एकडाव वरडू दे."

"आवं, आत्ता निजलीया!"

"उठीव म्हनतोय ना!"

सकाळपासून बयाबाईनं त्या दारातून वाऱ्याची झुळूकही आत येऊ दिली नव्हती. तिनं घंगाळं खाली ठेवलं, वीतभर दार उघडलं, आणि त्या फटीत स्वतः पदर पसरून आडवी उभी राहिली. मग आत तोंड करून भागूबाईला म्हणाली, "जरा तळपायाला टिचकी मार गं तिच्या. आज्याला ऐकायचं हाय."