सुलीचा फोन

आमच्या सासूबाईंना, म्हणजे बनुबाईंना, मी आत्या म्हणते. गावात त्या प्रसिद्ध आहेत नकलांसाठी. माणूस एकदा त्यांच्यासमोर बोलला की तो आत्यांच्या गळ्यात उतरलाच म्हणून समजा. सरपंचांचं भाषणाआधीचं खाकरणं, दवाखान्यातल्या नर्सबाईंचं ‘आजी, हात सैल सोडा’, आणि सकाळी मिक्सर चालू असताना मी काय पुटपुटते ते. हे शेवटचं मला मुळीच आवडत नाही, पण हुबेहूब असतं हे कबूल करायला हवं.

नकला व्हायच्या त्या भांगलणीत. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात भांगलण पैऱ्यानं चालते, म्हणजे आज सगळ्या बायका आमच्या रानात, उद्या तुमच्या. ओळीनं पात धरून, खाली बसून तण काढताना तोंड चाललं नाही तर कंबर बोलायला लागते. त्या पातीत एक नियम होता. तो कुणी घालून दिला नव्हता, पण पाळायच्या सगळ्या. जिची नक्कल करायची ती पातीत हजर पाहिजे. आणि आता पुरे, असं तिला वाटलं की तिनं हाताशी येईल ते ढेकूळ आत्यांना मारायचं. ढेकूळ बसलं की नक्कल बंद. आत्या पाठीवर मातीचे डाग घेऊन घरी आल्या की मी ओळखायची, आज रंगलं होतं.

सगळ्यांत गाजलेली नक्कल ‘सुलीचा फोन’. सुली म्हणजे सुलाकाकू, पातीत कायम आत्यांच्या शेजारी बसणारी मैत्रीण. दोघींना सुना आल्या तरी त्या एकमेकींना ‘सुले’ आणि ‘बने’च म्हणायच्या. सुलाकाकूंचे मालक हंबीरराव फौजेत होते. तेव्हा आमच्या भागात फोन एकच, धरणेंद्रअण्णांच्या किराणा दुकानात. हंबीररावांचा फोन रविवारी यायचा. नव्या नवरीनं दुकानात एकटीनं कसं जायचं, म्हणून आत्या सोबतीला. सुलाकाकूंची समजूत अशी, की नवरा इतक्या लांब आहे तर आवाजही तितका लांब टाकला पाहिजे. त्या ओरडायच्या आणि सगळी पेठ वजनकाटे थांबवून ऐकायची. दुसऱ्या दिवशी आत्या पातीत खुरप्याची मूठ कानाला लावून सुरू व्हायच्या.

“हॅलोऽऽ! आवं, मी! मी म्हंजे मीच! दुसरी कोन आसनार?”

आता नुसतं खरं सांगून बायका किती दिवस हसणार? आत्यांनी त्यात मसाला घातला. “जेवनाचं ऱ्हाऊ द्या, येताना कॅन्टीनचा साबन आना! लाल नगं, पांढरा आना! आन् सासूबाईस्नी येगळा आना, माझ्यातला मी द्यायची न्हाई!” सुलाकाकूंनी जन्मात नवऱ्याकडे साबण मागितला नव्हता. ते पातीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, म्हणून तर त्या लोळून हसायच्या. सगळ्यांत जास्त हसायच्या सुलाकाकू.

सुलाकाकूंचा मुलगा पृथ्वीराज दोन वर्षांचा असताना फौजेची गाडी डोंगरातल्या रस्त्यावरून दरीत गेली आणि हंबीरराव त्यात गेले. मग तो फोन पातीत कुणी मागेना. वर्ष उलटून गेल्यावर सुलाकाकूच एकदा म्हणाल्या, “बने, फोन कर की.” आत्यांनी केला. त्या दिवशी सुलाकाकूंनी ढेकूळ उचललं नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “आता परत कर.”

गेल्या साली क्रांती आली. सांगलीची मुलगी. साध्या माणसांच्या नादांच्या गोष्टी ती त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करते आणि लोक त्या मोबाईलवर ऐकतात. म्हसवडचे एक निवृत्त कंडक्टर घुबडांना आवाजावरून ओळखतात, त्यांची गोष्ट तिनं केली होती. पाचगणीला बोर्डिंगात स्वयंपाक करणाऱ्या बुद्धिबळवेड्या बाईंची केली होती. मुलगी चांगली आहे. तिला नावं ठेवायला मला जागा सापडली नाही, आणि मी शोधली नाही असं नाही.

आवाज घुमू नये म्हणून तिनं बाहेरच्या खोलीचं दार लावलं, पंखा बंद केला, भिंतींवर आमच्याच वाकळा टांगल्या. आत्या आधी शाळेतल्या भाषणासारख्या बोलायला लागल्या, “माझं बालपण अतिशय कष्टात गेलं.” क्रांती म्हणाली, “आजी, रानात करता तसं करा.” मग आत्यांनी खुरपं मागवलं, मूठ कानाला लावली आणि सुलीचा फोन सुरू झाला. तोसुद्धा नावानिशी. “ही आमची सुली बरं का, हंबीररावांची.”

सुलाकाकू तेव्हा शिराळ्याला लेकीकडे गेल्या होत्या. त्या इथं नाहीत हे आत्यांच्या ध्यानातच आलं नाही. क्रांती तोंडावर हात दाबून हसत होती, आणि समोरचं माणूस हसतंय म्हटल्यावर आत्या कशाला थांबतात? बंद खोलीत ढेकूळ तरी कुठून येणार? साबणामागून टॉवेल आला, टॉवेलामागून बिस्किटांचा डबा आला, आणि शेवटी आत्या ओरडल्या, “तुमाला सुट्टी न्हाई मिळाली तरी चालंल, साबन तेवढा कुनासंगं तरी धाडून द्या!”

हे वाक्य पातीत कधीच नव्हतं.

गोष्ट बाहेर आली आणि गावाला आनंद झाला. पेठेत जो तो आत्यांना थांबवून साबण मागत होता. पुण्या-मुंबईची लोकं ऐकतात म्हणून आत्या फुगल्या, फोटो काढायचा झाला तर असावं म्हणून ठेवणीतलं लुगडं वर काढून ठेवलं. सुलाकाकू शिराळ्याहून परत आल्या, पण पैऱ्याला आल्या नाहीत. पहिल्या दिवशी वाटलं दमल्या असतील. मग त्यांची सून पूजा आमच्या दारात आली, आणि आत न येता, उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तिनं सांगितलं.

पृथ्वीराज बापासारखाच फौजेत आहे. ती गोष्ट एका मोबाईलमधून दुसऱ्यात जात त्याच्या बराकीत पोचली होती. गावाचं नाव होतं, बापाचं नाव होतं. पोरं त्याला ‘साबण’ म्हणून हाक मारायला लागली. त्यानं आईला फोन केला. चिडला नाही, आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, “आई, आबास्नी तू खरंच आसं म्हनलीस? सुट्टी न्हाई मिळाली तरी चालंल?”

आत्या आत गेल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी हाका मारल्या तरी वळल्या नाहीत. लाज वाटली, असं आपण दिवसातून चारदा म्हणतो. ती अंगावर कशी येते ते मी तेव्हा पाहिलं. त्यांना न्हाणीत साबणाकडं बघवेना, तर राखेनं हात घासायला लागल्या. तोंड उघडलं तर कुणाचा तरी आवाज निघेल म्हणून माझ्याशीही हो-नाहीपुरतंच बोलायच्या. मी क्रांतीला फोन लावला. ती बिचारी रडली आणि तिनं गोष्ट लगेच काढून टाकली. पण तोवर ती ज्याच्या त्याच्या ग्रुपवर होती, तिथून ती कोण काढणार?

शेवटी आत्या सुलाकाकूंकडे निघाल्या. मी बरोबर गेले. एरवी त्या वाटेत दारोदारी थांबून बोलत जातात, त्या दिवशी मान खाली घालून भिंतीकडेनं चालल्या. मनात त्यांनी तयारी केली होती, सुली शिव्या घालेल, मग रडेल, मग मी रडेन.

सुलाकाकू दारात आल्या. म्हणाल्या, “या बनुबाई. बसा. च्या घेनार न्हवं तुमी?”

तुमी! बनुबाई! पाटावर बसवून चहा दिला, बशी पुसून दिली, पाऊसपाण्याचं विचारलं. परक्या गावच्या पाहुणीला द्यावा तसा मान दिला. आत्यांनी तो चहा कसा घशाखाली घातला, त्यांचं त्यांना माहीत. माफीचा शब्द तोंडातून निघालाच नाही. घरी येताना म्हणाल्या, “तिनं ढेकूळ मारलं आसतं, तर मी तिथंच तिच्या पाया पडले आसते.”

त्यानंतर पात मुकीच झाली. नव्या पोरी मध्येच “आजी, कायतरी करा की” म्हणायच्या, आत्या खुरपं चालवत राहायच्या.

पृथ्वीराज सुट्टीवर आल्याचं कळलं, तेव्हा आत्या हातातलं काम टाकून उठल्या. सुलाकाकूंच्या घराच्या पुढच्या सोप्यात तो बसला होता आणि सुलाकाकू सुपात शेंगा निवडत होत्या. “बसा,” म्हणाल्या. आत्या बसल्या नाहीत.

“पृथ्वी, साबन माझा हाय रं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आईनं तुझ्या बापाकडं कवा कायबी मागितलं न्हाई. आन् सुट्टीचं त्ये तर म्या त्याच दिशी जोडलं. ती पोरगी हसत हुती म्हनून. मला लय लाज वाटती, बाबा.”

“ठावं हाय, मावशी. आईनं सांगितलं मला,” पृथ्वीराज म्हणाला. मग त्यानं विचारलं, “मग खरं काय बोलायची ती? तुमी तर शेजारीच हुब्या असायच्या. त्येवढं मला सांगा की.”

तो रागानं विचारत नव्हता. त्या पोराजवळ बापाचं काय आहे, तर गणवेशातला एक फोटो. तो मोठ्या आशेनं आत्यांच्या तोंडाकडं बघत होता.

आत्यांनी सुरुवात केली. “हॅलो, आवं मी...” आणि थांबल्या. परत सुरुवात केली. परत त्याच जागी थांबल्या. तिथून पुढं साबणच येत होता, दुसरं काही येईना. इतकी वर्षं त्यांनी ती नक्कल केली होती, आणि प्रत्येक खेपेला खऱ्यावर थोडं थोडं लिंपलं होतं.

“आठवंना रं,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता. “आईशप्पत आठवंना. सुले, तू सांग की त्याला.”

सुलाकाकूंनी सूप खाली ठेवलं. “मलाबी तुमचंच आठवतंय, बनुबाई,” त्या म्हणाल्या. “म्या काय बोलत हुते म्हनून आठवाया गेलं, की कानात तुमचाच आवाज येतो. साबन आना, साबन आना. हसत हुते तवा कळलं न्हाई मला.”

आत्या मटकन जमिनीवर बसल्या. मला वाटलं, आता ही बाई उठायची नाही. मग सुलाकाकू, लेकाकडं बघत, जरा सावकाश म्हणाल्या, “पन ह्ये काय म्हनायचे, त्ये आठवतंय मला. सगळं. फोन माझ्या कानाला हुता न्हवं? त्ये दुसऱ्या कुनी ऐकलंच न्हाई.”

पृथ्वीराज आईजवळ सरकला. सुलाकाकू बोलायला तोंड उघडणार, तोच आत्या उठल्या.

“थांब सुले. मी भाईर जाते, मग सांग.”

“आवं, बसा की...”

“न्हाई. माझ्या कानावर पडलं की ऱ्हायचं न्हाई त्ये. आज न्हाई उद्या, पातीत तोंडातनं जाईल.” आणि माझा दंड धरला. “संयोगिता, तूबी चल.”

मला ऐकायचं होतं, तरी गेले. आत्या बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या. डोक्यावरून पदर ओढला, दोन्ही तळहात कानांवर दाबून धरले आणि डोळे मिटले.

हंबीरराव काय म्हणायचे ते मला माहीत नाही. आतून सुलाकाकूंचं हळू बोलणं येत होतं. मी कान लावला होता, खोटं कशाला सांगू, पण शब्द कळले नाहीत. मधेच पृथ्वीराज मोठ्यानं हसला. आणि मग सुलाकाकूंची हाक आली, अण्णांच्या दुकानातून मारत असतील तशीच, पार गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी.

“बनेऽऽ! आत ये की गं! च्या टाकलाय!”

समोरच्या घरातली म्हातारी दारात येऊन बघायला लागली. आत्यांना मात्र ती हाक ऐकू गेली नाही. त्यांनी कान घट्ट झाकून घेतले होते.