उतारावरची गाडी

समोरचे काका आपली जुनी निळी गाडी मुद्दाम उतारावर लावतात, कारण धक्का दिल्याशिवाय ती सुरूच होत नाही. आज सकाळीही "सुन्या, ये रे! वहिनी, तुम्हीपण!" अशा हाका मारत त्यांनी अख्खी गल्ली गोळा केली. गाडी खोकली, भसकन धूर सोडून सुरू झाली आणि सगळे टाळ्या पिटत हसले.

"विकता का ही?" मी न राहवून विचारलं.

"हा खटारा घेऊन काय करणार? तुमची गाडी बघा, कशी शहाणी आहे!"

शहाणी! डोक्यात तिडीकच गेली. मेली बटण दाबलं की मुकाट निघते, कधी कुणाची गरज म्हणून पडू देत नाही. सात वर्षं राहतोय मी या गल्लीत, आणि निघताना काका मला म्हणाले, "येतो हं, पांढऱ्या गाडीवाले!"