नाचाच्या गाण्यातली हाक

नव्वदच्या दशकात दुबईतल्या ज्या स्टुडिओत मी कामाला होतो, तिथे रेडिओच्या जाहिराती तयार व्हायच्या. साबण, गालिचे, रमजानचे सेल. दुपारी मालक जेवायला घरी गेला की मोठे स्पीकर माझे. त्यांवर मी बायकोला ऐकायचो.

बायको चिपळूणजवळ गावी होती, कडेवर आमची तान्ही मुलगी. फोन करायचा तर तिला पोस्टात जाऊन उभं राहावं लागायचं, आणि मागे रांग असताना माणूस नवऱ्याशी बोलणार तरी काय? म्हणून गल्फमधली आम्ही मंडळी कॅसेटवर बोलायचो. गावी जाणाऱ्याच्या हाती कॅसेट द्यायची. घरच्यांनी ती ऐकायची, आमचं पुसून त्यावरच आपलं बोलणं भरायचं आणि इकडे येणाऱ्याबरोबर परत धाडायची. एकच कॅसेट वर्षानुवर्षं ये-जा करायची. नवी घ्यायला काय धाड भरली होती, असं आज कुणीही विचारील. पण उत्तर दिलं की आधीचं बोलणं संपलं, अशीच सगळ्यांची समजूत होती. मी दिवसभर लोकांचे आवाज टेपवर सांभाळणारा माणूस, मलाही वेगळं काही सुचलं नाही.

बायकोचा त्या यंत्रावर विश्वास नव्हता. दोन वाक्यं बोलली की थांबायची आणि विचारायची, "अहो, ऐकताय ना?" जणू मी शेजारच्या खोलीत पेपरात डोकं घालून बसलोय. मागे आमचा घरचा जुना पंखा खरखरत असायचा.

त्याच सुमारास एका हॉटेलने विलायतेहून एक गोरा आणला. गुरुवारी-शुक्रवारी तो हॉटेलच्या क्लबात लोकांना नाचवायचा आणि बाकीचे दिवस आमचा स्टुडिओ भाड्याने घेऊन बसायचा. त्याचं काम म्हणजे दुसऱ्यांची गाणी उसवणं. गाण्यातला फक्त गळा ठेवायचा, बाकी सगळं काढून टाकायचं आणि खाली आपला नाचाचा ठेका घालायचा. "मी गाणी लिहीत नाही," तो म्हणायचा, "मी अल्टरेशनवाला टेलर आहे." दोन शब्दांचा एखादा तुकडा तो अख्खी दुपार ऐकत बसायचा. सुरुवातीला मला तो वेडाच वाटला. पुढे पुढे त्याचं काम बघायला मी चहा घेऊन मुद्दाम थांबायला लागलो.

एकदा तो वेळेआधीच आला. स्पीकरवर बायको बोलत होती. तो दारातच उभा राहिला.

"हे कोण?"

"माय वाइफ, सर."

"ते शेवटचं परत लाव, मेट."

मेट म्हणजे त्याच्या भाषेत दोस्त. मी लावलं. अहो, ऐकताय ना? त्याने पुन्हा लावायला सांगितलं, मग विचारलं, यातला तुकडा घेऊ का? अर्थ त्याने विचारला नाही, मीही सांगितला नाही. माझ्या बायकोचा आवाज विलायतेच्या माणसाला आवडला म्हणून माझीच छाती फुगली होती. घ्या सर, म्हटलं. त्याने माझ्यासमोर तो आवाज आपल्या यंत्रात घेतला, मागचंपुढचं कापलं आणि ठेक्याच्या वेगाला बसावा म्हणून चांगलाच वर चढवला. बारीक, चिवचिवता, पोरसवदा आवाज तयार झाला. मी पोट धरून हसलो. पुढच्या कॅसेटवर तिला हे सांगितलं तेव्हा उत्तर आलं, "काय मेलं हे! लोकांना काय ऐकवताय माझं?" रागावली होती, पण खूशही होती.

त्यानंतर काही महिन्यांतच ती काविळीने गेली. तिचं शेवटचं बोलणं ऐकून, त्यावर माझं भरून मी कॅसेट गाववाल्याबरोबर पाठवली होती. ती घरी पोचली तेव्हा ऐकायला बायको नव्हती. मी जाऊन पाहतो तर कॅसेट कपाटावर तशीच पडलेली, कुणी लावलेलीही नव्हती. लावली. दोन्ही बाजूंना मीच बोलत होतो. पाणी उकळून पी, तब्येतीची हेळसांड करू नकोस.

गोऱ्याचं गाणं मात्र बाहेर पडलं आणि विलायतेतल्या क्लबांमध्ये तुफान चाललं. त्याचं नशीब फळफळलं. नावाजलेले गायक आपली गाणी त्याच्याकडे उसवायला द्यायला लागले. त्याने दुबई सोडली, आणि ते गाणं दुबईत येऊन राहिलं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्याकडे भुतं म्हणे तिन्हीसांजेला आडवाटेवर भेटतात. माझं भर दुपारी सुपरमार्केटात, टोमॅटो निवडताना भेटायचं. सिग्नलला शेजारी थांबलेल्या गाडीतून, चपलांच्या दुकानातून, कुणाच्या तरी खिडकीतून. अहो, ऐकताय ना, अहो, अहो, अहो, आणि खाली धडधड ठेका. दर वेळी मी वळून बघायचो आणि दर वेळी स्वतःचाच संताप यायचा. एकदा टॅक्सीत पठाण ड्रायव्हरने ते मोठं केलं. "बहुत मस्त गाना है, भाईसाब."

"बंद करो."

"क्यों, पसंद नहीं?"

"मेरी बीवी है."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं, हळूच बटण फिरवलं आणि शारजा येईपर्यंत पुन्हा रेडिओ लावला नाही.

शारजाला तेव्हा माझी बहीण आणि मेहुणे राहायला आले होते. येताना त्यांनी माझ्या मुलीला आणलं आणि आम्ही सगळे तिथल्याच अल नहदा भागातल्या एका फ्लॅटमध्ये राहू लागलो. मुलीला आई आठवणं शक्यच नव्हतं. गाण्यातला आवाज आईचा आहे, हे बहिणीच्या तोंडून एक दिवस निघून गेलं. मुलीने रेडिओवर ते येण्याची वाट पाहिली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "शी साउंड्स लाइक अ कार्टून." मग तिने रेडिओच बंद केला.

"अगं, तो खरा आवाज नाही. चढवलाय त्याने. आई अशी नव्हती बोलत."

"देन हाऊ, बाबा?"

मी नक्कल करायला गेलो, ती जमेना. "मला झोपेतसुद्धा ओळखू येईल," म्हटलं, "पण सांगता नाही येत." त्यानंतर गाडीत, ट्रॅफिकमध्ये, मध्येच कधीतरी ती तेच विचारायची, आणि मला गाडीतून उतरून पळून जावंसं वाटायचं. आईचा खरा आवाज या पोरीला एकदा तरी ऐकवायचा, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर पेपरात जाहिरात दिसली. हॉटेलात जुन्या गाण्यांची संध्याकाळ, आणि वाजवणारा आमचा गोरा. मी दुपारीच जाऊन धडकलो. तो एकटाच वायरी जोडत होता. डोक्यावरचे केस गेले होते, पोट सुटलं होतं. मला पाहून त्याचा चेहरा खुलला.

"मेट! माझं काम आता पोरं घरी बसून कॉम्प्युटरवर करतात. मी खलास," तो म्हणाला. "कुठेही जा, लोकांना माझं तेवढं एकच हवं असतं."

बायको गेल्याचं मी त्याला सांगितलं. हातातली वायर त्याने खाली ठेवली.

"ती म्हणते काय त्यात? इतकी वर्षं मला माहीतच नाही."

"नवऱ्याला विचारतेय, ऐकतोयस ना म्हणून."

तो स्पीकरच्या खोक्यावर बसला. "आणि मी तिला दर आठवड्याला विचारायला लावलं," म्हणाला. मला त्याचा राग येईल असं वाटलं होतं, पण कीव आली.

मूळचं सगळं बोलणं त्याच्याकडे नव्हतं. लागेल तेवढंच घ्यायची त्याची पद्धत. पण न कापलेला, न चढवलेला तुकडा त्याच्या सामानातल्या जुन्या डिस्कवर निघाला. त्याने त्याची सीडी करून दिली. ऐकून बघ म्हणाला. नको, म्हटलं, मुलीबरोबरच ऐकेन.

घरी आम्ही दोघंच होतो. तिने सीडी लावली. जड, किंचित घोगरा, दमलेल्या बाईचा आवाज आला. "अहो, ऐकताय ना? थांबा, पंखा बंद करते." बस्स, एवढंच.

मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, इज दॅट हर?"

मी तोंड उघडलं, पण हो येईना. माझ्या कानात ती केव्हाची बारीक, चिवचिवत बोलत होती. ही बाई मी कधी ऐकलेलीच नव्हती. परत लाव, म्हटलं. तिने लावलं. अजून एकदा, म्हटलं. घाबरून तिचे डोळे भरून आले होते आणि मी स्पीकरला कान लावून बसलो होतो. मग त्या शब्दांच्या मागे काहीतरी ऐकू आलं. खर्र, टक. खर्र, टक.

"हो," मी म्हणालो, "तुझी आईच आहे ती." बायकोचा आवाज मला ओळखता आला नव्हता. आमचा पंखा तेवढा ओळखला.