पडले म्हणायचं

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या मेसमध्ये भाकरी करणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या दिवसभर उभ्या असत आणि मधूनमधून एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत. साडी सारखी घोट्याखाली ओढत. एकदा पीठ झटकताना ती वर सरकली, तेव्हा घोट्याच्या वर, आतल्या बाजूला ओली जखम दिसली. भोवतीची कातडी काळपट तपकिरी पडली होती.

"शुगर आहे का मावशी?" मी भीतभीतच विचारलं.

"नाय रे. शिरांचं हाय. रगत खाली उतरतं, वर चढत नाय म्हणं."

डॉक्टरांनी पायाचा रक्तपुरवठा तपासून, बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधायला सांगितली होती. मावशी ती घरी सोडून कामावर येत.

"पण उभं राहतानाच पट्टी लागते ना?"

"लागती की. पण जखमवाल्या बाईच्या हातची भाकर पोरं खातील व्हय? मालक दुसरी बाई बघंल."

मी ताटातली भाकरी संपवली.

पुढच्या आठवड्यात त्या पट्टी बांधून आल्या. पोरांनी विचारलं, तर तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "पडले बाबा मोरीत." मग माझ्याकडं वळून हळूच, "पडले म्हणलं की लोक पुढचं इचारत नाय."

संध्याकाळी मालकांनी मला गाठलं. "मावशी खरंच पडल्या का रे?"

"हो, मोरीत," मी म्हणालो. मोठ्यांशी बोलताना माझी जीभ नेहमी अडखळते. तेव्हा अडखळली नाही.