चोरी बुडाशी राहते

“चोरी बुडाशी राहते,” असं म्हणत काकाजी पोत्याच्या पार खालच्या कोपऱ्यात परखी खुपसायचे. परखी म्हणजे पोतं न उघडता आतलं धान्य काढून पाहायची टोकदार लोखंडी पन्हळ. नोकरी संपली तरी ती त्यांच्या खिशातच असे. ते किराणा दुकानात शिरले की दुकानदार आधी पोत्यांसमोर येऊन उभा राही.

गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये त्यांनी जन्मभर धान पारखलं होतं. दाण्याला दात लावून ओल सांगत. वजन वाढवायला कोणी पोत्याच्या तळाशी पाणी मारलेलं धान भरलं, तर काकाजींच्या हातून तो सुटत नसे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या शब्दावर अख्खी गल्ली खरेदी करते. नवेगाव बांध गावातल्या आमच्या गल्लीत हा मान त्यांचा होता, आणि तो त्यांना जरा जास्तच आवडायचा. मी शाळेत शिकवते, पण दुकानातून पिशवी घेऊन आले की शेजारच्या कुंपणावरून त्यांची हाक ठरलेली, “बाई, आज कोनं फसवलं?”

त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, मात्र कोणाला काही विचारण्याइतका दमच उरला नव्हता. चुलीच्या धुराने छाती पार खाल्लेली. न्हाणीपासून ओसरीपर्यंत आल्या तरी खांबाला धरून उभ्या राहत. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं. गॅस घरात होता, पण कुठेतरी भडका उडाल्याचं ऐकल्यापासून त्यांनी त्याची इतकी धास्ती घेतली होती की काकाजींनी चहा ठेवला तरी त्या अंगणात जाऊन उभ्या राहायच्या.

अशात गावात पेलेटच्या शेगड्या आल्या. लाकडाचा भुसा आणि धानाचं तूस दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या, त्या शेगडीत भरायच्या आणि खालचा छोटा पंखा सुरू करायचा. जाळ निळसर आणि धूर जवळजवळ नाहीच. कांड्या गावातल्याच बचत गटाच्या बाया करायच्या. सायत्राबाई त्यांच्या अध्यक्ष. जंगलकामाला जाऊन थकलेल्या त्या बाईने गटाच्या मागे लागून यंत्र आणवलं होतं. कांड्या ताडपत्रीवर वाळवायच्या आणि साध्या पोत्यात भरून घरोघर द्यायच्या.

काकाजींनी पहिल्या दिवशी कांडी कानाजवळ नेऊन मोडली. कट् वाजलं. “जमलं,” ते म्हणाले. गल्लीने दुसऱ्या दिवशी पोती मागवली.

थंडी पडेपर्यंत काकू ओसरीवर बसून तांदूळ निवडायला लागल्या होत्या. मार्गशीर्षात तर त्यांनी कमालच केली. गुरुवारची लक्ष्मी मांडायची म्हणून कोठीची खोली शेणाने सारवली, स्वतःच्या हाताने, कित्येक वर्षांनी. काकाजींचा आनंद कुंपणात मावेना. “आयकलं का बाई? तुमची काकू सारवून राहिली.” पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. कोठीत पेलेटची पोती होती. ती काकूंना हलवता येणार नव्हती, म्हणून त्या पोत्यांच्या कडेकडेने सारवायच्या. मी दारात उभी राहून ते कौतुकाने पाहिलं आहे.

त्याच सुमाराला बाजारात वाघाच्या चित्राचे पेलेट आले. आतून प्लास्टिक लावलेली झुळझुळीत पिशवी, कांडी अशी चकाकणारी की वाटावं तेल लावलंय. गल्लीत लगेच प्रश्न पडला, बायांचे चांगले की वाघाचे? आणि असा प्रश्न पडला की तो काकाजींच्या ओसरीवरच सुटायचा.

त्यांनी वाघाची पिशवी आणून, नवी म्हणून, कोठीतल्या टेबलावर ठेवली. मग आम्हा सगळ्यांना बोलावून कोठीत गेले आणि दोन्हींच्या बुडाशी परखी घातली. वाघाची कांडी कट् मोडली. बायांच्या पोत्यातून मऊ, ओला भुगा आला.

काकाजींचा चेहरा मी विसरले नाही. जुन्या दिवसांतला एखादा लबाड हाती लागावा, तसा तो खुलला होता. “पानी मारलं बायाइनं. वजनासाठी. वरून कोरडं, बुडाशी ओलं. मी जनम घातला याच्यात.”

बातमी बाजाराच्या आधी बायांपर्यंत पोचली. सायत्राबाई ओंजळभर कांड्या घेऊन आल्या, पायरीखालीच उभ्या राहिल्या. “काकाजी, दात लावून पाहा. आमी पानी कायले मारू?”

“हातातलं दाखवून काय होते? चोरी बुडाशी राहते.”

त्या तशाच परत गेल्या. गल्लीने बायांचे पेलेट बंद केले, गल्लीचं पाहून बाजाराने केले. यंत्रावर ताडपत्री पडली.

वाघ दिसायलाच देखणा होता. पेटताना असा उग्र धूर सोडायचा की डोळे चुरचुरत. काकाजी म्हणायचे, सुरुवातीला येतेच. दोन्ही ओसऱ्यांवरून काकूंचा खोकला ऐकू यायला लागला तरी म्हणायचे. मग वाघही दिसेनासा झाला. सगळा माल मोठ्या बॉयलरवाल्यांकडे जातो, दुकानदार म्हणाला. काकू पुन्हा लाकडाच्या चुलीपुढे बसल्या, आणि होळीनंतर त्यांना गोंदियाला दवाखान्यात न्यावं लागलं.

काकूंचे कपडे न्यायला काकाजी एक दिवस घरी आले, तेव्हा मी मदतीला गेले. कोठी झाडायची म्हणून तिथेच पडून राहिलेलं बायांचं पोतं मी ओढलं. ते जमिनीला चिकटलं होतं. सुटलं तेव्हा बुडाला शेणाचा वाळका पोपडा तसाच निघून आला आणि तळातून काळा भुगा सांडला. वरच्या कांड्या मात्र कोरड्या खडखडीत. काकाजींनी त्यातली एक उचलून मोडली. कट् वाजलं.

ते पोत्याकडे पाहत खाली बसले. ओल जमिनीची होती. सारवणाची. ज्या माणसाने परक्यांच्या पोत्यातली ओल आयुष्यभर दाताने ओळखली, त्याला आपल्या घरातली दिसली नाही, कारण ती बायकोच्या हातची होती आणि तिचं कौतुक चाललं होतं.

“सायत्राबाईंना सांगा,” मी म्हटलं. “यंत्र अजून आहे. काकूंसाठी तरी सांगा.”

“सांगन. तिले घरी येऊ द्या.” मग पोपड्याचे तुकडे हाताने गोळा करत म्हणाले, “कोनाले बोलू नोका, बाई. तिले मालूम पडलं तं म्हनन, माह्याच सारवनानं झालं. ते सोसन का तिले?”

यातलं किती काकूंसाठी होतं आणि किती स्वतःच्या नावासाठी, हे मला आजही सांगता येत नाही. प्रेम होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या प्रेमाच्या आड त्यांचा मान फार आरामात बसला होता, हेही सांगेन. मी रागावले, पण काकू घरी आल्या आणि मीही काही बोलले नाही. काकाजींनी सांगितलं नाही. पावसाच्या तोंडावर यंत्र भंगारात गेलं.

काकू पोळ्याच्या आधी गेल्या.

तेरवीचा स्वयंपाक करायला गटाच्याच बाया आल्या, कारण आमच्याकडे मयतीच्या घरी रुसवे धरत नाहीत. मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुली मांडल्या. लाकडं ओली. सायत्राबाई पदराने डोळे पुसत भाताचं पातेलं ढवळत होत्या. मला वाटलं, आता कोणाला जपायचं उरलंय? आता बोलतील. काकाजी उठून त्यांच्याजवळ गेले, उभे राहिले, तोंड उघडलं, आणि म्हणाले, “मीठ बरोबर आहे.”

दिवाळीनंतर मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. जाण्याच्या दिवशी सकाळी ते काकूंची पेलेटची शेगडी उचलून सायत्राबाईंच्या दारात ठेवून आले. हाकसुद्धा मारली नाही. परखी कुठे गेली कोण जाणे. नागपुरातच ते वारल्याचं आम्हाला फोनवर कळलं.

त्यानंतर मी सायत्राबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. पोतं, पोपडा, सारवण. 

“आमाले तं मालूमच होतं, मॅडम, आमी पानी नाई मारलं म्हून,” त्या म्हणाल्या. “त्याइले मालूम नोहतं. अन् मंग मालूम झालं, तरी नाई बोलले?”

“नाही,” मी म्हटलं.

शेगडी ओसरीच्या कोपऱ्यात होती. पुसून ठेवलेली, आत राखेचा कणही नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“चांगली शेगडी देऊन गेले,” त्या म्हणाल्या. “आता हिच्यात काय जाळू?”

आणि चुलीत लाकूड सारून त्या फुंकायला बसल्या.